जादा एकतीस किलोमीटर

१

विपुलनं गिअरबॉक्सच्या तळाची थाळी सोडवली, आतलं तेल परातीत ओतलं, आणि गॅरेजातले सगळे परातीवर वाकले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नवं तेल कोकम सरबतासारखं लाल असतं. हे काळं होतं आणि त्याला करपलेल्या दुधासारखा वास येत होता. राजश्रीबाई तांबे यांनी त्यात बोट बुडवलं, उन्हात धरलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. काळ्या तेलात तांबूस भुकटी चमकत होती.

“संपला हा,” त्या म्हणाल्या. “आठवडासुद्धा झाला नाही बसवून!”

महाडच्या आयटीआयत बाईंनी तीस वर्षं मोटर मेकॅनिकचा वर्ग चालवला. हायवेवरच्या दर दुसऱ्या गॅरेजात त्यांचा एक तरी विद्यार्थी हाताला ग्रीस फासून उभा असतो. हे गॅरेज सांभाळणारा विपुलही त्यांतलाच. निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी अडलेली गाडी त्यांच्या दारात येतेच. बाईंचा लौकिक असा, की नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतात. आणि स्वभाव असा, की एकदा सांगितलेलं मागे घेत नाहीत.

ही गाडी मात्र अडून आली नव्हती, अपघात होऊन आली होती. पोलादपूरच्या पलीकडे, कशेडीच्या पायथ्याला उतेकरवाडी आहे. तिथल्या गोमाजी उतेकरांनी मुंबईत एका शेठची लांबलचक अमेरिकन गाडी तीस वर्षं चालवली. दार उघडायचं, सलाम करायचा, पुढे बसायचं. मागच्या सीटवर ते कधी टेकले नाहीत. त्यांचा मुलगा सयाजी मुंबईत सिनेमावाल्यांना जुन्या गाड्या पुरवतो. त्यानं तशीच गाडी शोधून काढली, तिच्यात चारशे ऐंशी घोड्यांचं दांडगं इंजिन घातलं, आणि ठरवलं, की बाबांना मागे बसवून घाटात फिरवून आणायचं. सयाजीचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणं त्याला जमत नाही. म्हणून गिअरबॉक्स ऑटोमॅटिक हवा, आणि एवढे घोडे सोसणारा हवा.

बाईंनी महिनाभर डोकं घातलं होतं. दोन गिअरचा डबा हलका, पण घाटात उपयोग नाही. चार गिअरचा पेट्रोल वाचवतो, पण आतून आधी मजबूत करून घेतल्याशिवाय इतकी ताकद त्याला झेपत नाही. तिसरा होता तीन गिअरचा, बोजड, परदेशात लहान ट्रकांना बसवतात तो. थोडी ताकद स्वतःच खातो, पेट्रोलही जास्त पितो, पण मरत नाही. वर तेल थंड ठेवायला वेगळी जाळी बसवायची. “हाच घे,” बाई सयाजीला म्हणाल्या होत्या. “तुझा नातू चालवेल.”

तो डबा सहा किलोमीटर चालला.

वीस मार्चला दुपारी वाघजाईच्या देवळासमोर नारळ फुटला, पांढरी टोपी घालून गोमाजी मागे बसले, आणि गाडी कशेडीच्या जुन्या घाटाला लागली. बोगदा झाल्यापासून त्या रस्त्याला फारसं कोणी जात नाही. चौथ्या वळणावर इंजिन नुसतंच गर्जायला लागलं, चाकांना ताकद मिळेना. सयाजी गोंधळला, त्यानं ब्रेकऐवजी अजून अॅक्सिलरेटर दाबला, आणि तो ब्रेक दाबेपर्यंत गाडी मागे घसरून कठड्यावर आदळली. गोमाजींचं खुब्याचं हाड मोडलं. मागच्या सीटवर बसण्याचं त्यांचं सुख सहा किलोमीटरचं.

बाई त्या दिवशी चवदार तळ्यावर होत्या. सत्याग्रहाच्या या दिवशी दरवर्षी असतात, पाणी वाटायच्या टेबलावर. पहाटेपासून माणसांचा पूर, फोनवर फोन. चारच्या सुमाराला अपघाताची बातमी आली ती तिथंच.

“बाई, मला फक्त नाव पाहिजे,” आता सयाजी परातीकडे बघत म्हणाला. “डबा तुम्ही सांगितला, तो खराब असणार नाय, मला माहीत हाय. मग कोणीतरी माती खाल्ली. सोमवारी पोलादपूरला कम्प्लेंट देतोय.”

विपुल खाली मान घालून पाने पुसत होता. त्याला मस्कतच्या एका वर्कशॉपनं बोलावलं होतं. पत्र आलं होतं, पोलिसांचा दाखला तेवढा यायचा होता. तक्रारीत नाव आलं की तो दाखला गेला आणि मस्कतही गेलं.

बाई गाडीत वाकल्या आणि मीटरकडे बघून थबकल्या.

“सयाजी, तू गाडी किती चालवलीस म्हणालास?”

“सहा. देवळापासून चौथं वळण.”

मीटरवर एकोणचाळीस होते.

२

हा मीटर नवा, विपुलनंच शून्यावर बसवलेला. त्याची तार निघते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून. म्हणजे मागची चाकं फिरली की आकडा फिरणारच, त्याला लाच देता येत नाही. भिंतीवरच्या कामाच्या कार्डावर विपुलच्या मोत्यासारख्या अक्षरात होतं : ‘गाडी घोड्यावर ठेवून, चाकं अधांतरी, चाचणी. नंतर मीटर २. टाकी रिकामी करून पेट्रोल १० लिटर मोजून घातलं.’

महाडहून वाडीपर्यंत गाडी ट्रकवर चढवून न्यायची, हे आठ दिवस आधी सगळ्यांच्या देखत ठरलं होतं. अपघातानंतर परत आणली तीही ट्रकवरच. दोन आणि सहा आठ. उरलेले एकतीस किलोमीटर ही गाडी कुठे हुंदडून आली?

विपुल डबा उतरवून त्याचे भाग टेबलावर मांडू लागला, आणि बाईंनी एकेकाला धरलं.

पहिला संशय खुद्द सयाजीचा. हौसेखातर घाटात करामती केल्या असतील. पण सहा किलोमीटरच्या करामतींनी हा डबा जळत नसतो, आणि एकतीसचा हिशोब त्यानंही लागत नव्हता.

दुसरा साहिल, डबा पुरवणारा मुंबईचा व्यापारी. त्याला फोन लावला. “मॅडम, आतल्या प्लेटा नव्या होत्या, तुम्हीच तर उघडून मोजल्या ना?” तो म्हणाला. ते खरं होतं. बाईंनी स्वतः मोजल्या होत्या.

सयाजीचा चुलतभाऊ रामा वीसच्या सकाळी गाडी न्यायला वाडीहून आला होता. पण तो त्याच संध्याकाळी आंब्याच्या पेट्या भरायला रत्नागिरीकडे गेला, आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद. आंब्याच्या दिवसांत पिकपवाले असे गायब होतातच.

मग बाई समोरच्या गोदूबाईंच्या चहाच्या टपरीवर गेल्या.

“आदल्या सांजेला काय बोंबलत व्हती ती गाडी!” गोदूबाई म्हणाल्या. “माझ्या बरण्या थरथरल्या गो. आन मग ह्यो विपुल दोन तास गायब. शटर ओढलेला. मी म्हटला, गेला असंल मिरवायला. दुसऱ्या दिसाला मी तळ्याकडं, मंग काय झाला देव जाणे.”

बाई रस्ता ओलांडून परत आल्या तेव्हा त्यांचं उत्तर जवळजवळ तयार होतं.

“एकोणीसच्या संध्याकाळी कुठे होतास?”

“नाते गावाला, बाई. बहिणीकडं.”

“कशावरून गेलास?”

“मोटारसायकलवरून.”

नात्याला जाऊन यायचं, वर आणखी एखादा फेरफटका, की झाले एकतीस. अशी गाडी हाताशी आली तर कुठल्या मेकॅनिकचा जीव धीर धरेल? “मग हे एकतीस किलोमीटर कुठून आले, विपुल?”

विपुलनं मान वर केली.

“तुमीच सांगा, बाई,” तो म्हणाला.

बाईंचं डोकं सणकलं. वर्गात उलट उत्तर देणाऱ्या मुलाला त्या खडू फेकून मारत. इथं खडू नव्हता. “गाडी फिरवलीस, डबा तापवलास, आणि वर मलाच विचारतोस?” त्यांनी गॅरेजभर ऐकू जाईल असं म्हटलं. “तुझ्या हौसेपायी त्या म्हाताऱ्याचं हाड मोडलं!”

“तुमी म्हणता तसं,” विपुल म्हणाला. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि तो निघून गेला.

सयाजीनं कागदावर नाव लिहून घेतलं.

३

दुसऱ्या दिवशी रविवार. शटरची किल्ली बाईंकडे होती, विपुल आलाच नाही. गाडी महिना-दोन महिने पडून राहणार म्हणून टाकी रिकामी करायला बाई एकट्याच गेल्या. तीस वर्षांची शिस्त : उभ्या गाडीत पेट्रोल ठेवायचं नाही, आणि काढलेलं मोजल्याशिवाय ठेवायचं नाही.

कॅनमध्ये आठ लिटर निघालं.

बाईंनी पुन्हा मोजलं. आठच. त्या आडव्या ठेवलेल्या टायरवर बसल्या.

हे इंजिन चार किलोमीटरला एक लिटर पितं, घाटात त्याहून जास्त. सयाजीच्या सहा किलोमीटरला दोन लिटर गेलं, ठीक. मग जादा एकतीस किलोमीटर गाडी कशावर धावली? गोमूत्रावर? विपुलनं नंतर भरलं असेल, त्या स्वतःशीच म्हणाल्या. पुरावा लपवायला भरलं असेल. माणूस एकदा कोणावर रुसला की त्याला पुरावेही हवे तसे दिसतात.

पण लोखंडाला रुसवेफुगवे नसतात. बाई टेबलाशी गेल्या आणि सुट्या केलेल्या डब्याचे भाग, कालच जसे पाहायला हवे होते तसे, आता पाहू लागल्या. पुढच्या बाजूचा तेलाचा पंप कोरा करकरीत. गाडी दामटून डबा तापला असता तर पंपावर खुणा उमटल्या असत्या. मागच्या टोकाचा दांडा मात्र उष्णतेनं निळा पडला होता आणि त्यावरचं काशाचं कडं, म्हणजे बुश, पार झिजलं होतं. तांबूस भुकटी त्याचीच. आधी बुश गेलं, मग तेलाचा दाब गेला, आणि घाटात प्लेटा घसरून जळाल्या. म्हणजे हा डबा मागून मेला होता, आणि मरताना कोरडा होता.

ऑटोमॅटिक डब्यात तेल खेळवणारा पंप इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद तर पंप बंद. पण तेव्हा मागची चाकं जमिनीवर फिरत असतील, तर डब्याचे आतले भाग फिरतच राहतात, तेलाच्या थेंबाविना. साध्या गिअरची गाडी टोचन करून, दोरानं ओढत, गोव्यापर्यंत न्या. ऑटोमॅटिकची मागची चाकं उचलल्याशिवाय तिला दोर लावायचा नाही. हे बाई दरवर्षी फळ्यावर लिहून दोनदा म्हणायला लावत.

एकतीस किलोमीटर. पेट्रोल नाही. इंजिन बंद. या गाडीला कोणीतरी ओढत नेलं होतं, आणि महाड ते उतेकरवाडी अंतर बरोब्बर तेवढंच होतं.

विपुलनं गाडी फिरवलीच नव्हती. भर गॅरेजात आपण त्याला काय काय बोललो! त्यांनी शटर ओढलं आणि मिळेल त्या रिक्षानं उतेकरवाडी गाठली.

४

सयाजीची आई येसूबाई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नवरा इस्पितळात, म्हणून घर गप्प. बाईंना पाहताच त्यांनी पाट सरकवला.

“आजी, गाडी वाडीत ट्रकवरनं आली ना?” बाईंनी विचारलं.

“ट्रक कुठला गो! त्या दिसाला महाडात गर्दी. ट्रकवाल्याला गावात सोडलाच नाय. मंग रामानं पिकपला बांधून वढून आणली.”

“ओढून? सुरू करून चालवत का नाही आणली?”

येसूबाईंनी हातातली शेंग ठेवली. असला प्रश्न कोणी विचारतं का, असं त्यांच्या तोंडावर होतं. “पयली चाल वाघजाईच्या पुढ्यात नको? आमच्या वाडीत बैलाचं पयलं जू, टॅक्टरची पयली चाल, सगळा आयेच्या पुढ्यात. त्याच्या आधी गाडी आपल्या पायानं चालता नये. वढा, ढकला, खांद्यावं आणा. मीच फोन करून रामाला बजावला.”

सयाजी मुंबईहून थेट मुहूर्ताला आला. त्यानं पाहिली ती देवळासमोर हार घालून उभी असलेली गाडी. ट्रकवरून उतरली की दोरावरून सुटली, हे त्यानं विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. लपवण्यासारखं त्यात काही आहे, असं वाडीत कुणाच्या मनातही नव्हतं.

कोडं सुटलं होतं. बाईंना हायसं वाटलं. विपुल निर्दोष. दोष श्रद्धेचा, गर्दीचा, आणि त्या अडाणी रामाचा. त्याला चार शब्द सुनवायचे आणि सोमवारच्या आत सयाजीला गाठायचं. एवढ्यात खाली पाणंदीत पिकपचा हॉर्न वाजला. वाशीला आंबा उतरवून रामा परतला होता, डोळे तांबारलेले, अंगाला गवताचा वास.

बाई ओटीवरून उतरल्याच. “रामा, गाडी दोर लावून आणलीस तू? एवढी मोलाची गाडी! कुणाला विचारावं, काही अक्कल?”

रामा गोंधळून पिकपला टेकला.

“पण बाई,” तो म्हणाला, “मी तुमालाच इचारला व्हता.”

५

त्यानं फोन काढून दाखवला. वीस मार्च, अकरा वीस. राजश्रीबाई. चाळीस सेकंद.

आणि मग बाईंना सगळं आठवलं. ऐकण्यात काही चूक झाली नव्हती. रामानं स्वच्छ विचारलं होतं : बाई, ट्रक येत नाय, गाडीला टोचन करून नेली तर चालंल ना? बाईंच्या एका हातात पाण्याचा जग होता, समोर नागपूरहून आलेली म्हातारी पेला धरून उभी होती. सकाळपासून शंभर जणांनी शंभर गोष्टी विचारल्या होत्या, बस कुठे लागते, चप्पल कुठे काढायची. त्या ओघात त्यांनी उत्तर दिलं होतं, “न्यूट्रलला टाक आणि सावकाश ने.” उचलली जीभ लावली टाळ्याला. साध्या गाडीचं उत्तर त्यांनी या गाडीला दिलं होतं. किती लांब, हेही विचारलं नव्हतं. फोन ठेवला आणि म्हातारीचा पेला भरला.

वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं त्यांच्या स्वतःच्या तोंडातून चाळीस सेकंदांत पुसलं गेलं होतं.

रामा अजून उभाच होता. “माझा काय चुकला काय, बाई?”

काय सोपं होतं! ‘मी हायवेपर्यंतच म्हटलं होतं रे’ एवढं म्हटलं असतं तर रामानं मान डोलावली असती. त्यानं बाईंच्या शब्दावर स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास ठेवला असता. हा विचार आपल्या मनात आला, याचीच बाईंना अधिक लाज वाटली. शिकवण्यात गेलेला जन्म, आणि घाम फुटला की पहिला विचार हा.

“तुझं काही नाही चुकलं,” त्या म्हणाल्या. “मला महाडला सोड. इस्पितळात.”

सयाजी गोमाजींच्या खाटेशी बसला होता. बाई उभ्यानंच बोलल्या, मीटर, पेट्रोल, निळा दांडा, दोर, आणि शेवटी फोन. एकही वाक्य त्यांनी गाळलं नाही. सयाजीचा चेहरा कठीण होत गेला.

“तुमी?” तो एवढंच म्हणाला.

“मी. तो कागद दे.”

कागद त्याच्या खिशातच होता. बाईंनी विपुलचं नाव खोडलं, त्याच्या खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. सयाजीनं तो घडी करून परत खिशात ठेवला. काय करणार, हे त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे असं बाईंनाही वाटलं नाही. खाटेवरून गोमाजी छताकडे बघत म्हणाले, “तीस वर्सं फुडं बसलो, एक ओरखडा नाय.” ते कुणाला उद्देशून नव्हतं. बाईंना मात्र ते बाहेर रस्त्यावर येईपर्यंत पाठीवर वाजत राहिलं.

तिथून त्या विपुलच्या घरी गेल्या. दारात त्याच्या बायकोनं खुर्ची ठेवली. विपुल आतून आला.

“चूक माझी होती, विपुल,” बाई म्हणाल्या. असं वाक्य त्यांनी कुठल्या विद्यार्थ्याला आजवर म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते अडखळत आलं. “रामानं मला विचारलं होतं. मीच हो म्हटलं. कागदावरचं तुझं नाव मी खोडून आले.”

“मला ठाऊक हाय, बाई.”

“काय ठाऊक आहे?”

“रामानं तुमाला फोन केला तो. माझ्यासमोरच केला. दोर मीच बांधला.” तो जमिनीकडे बघत होता. “तुमी वर्गात शिकवलेलं आठवत व्हतं. पण बाई सांगतात म्हणजे हा डबा निराळा असंल, म्हटलं. आपण कोण शाणे. तेव्हाच तुमाला एक फोन केला असता तर गोमाजी आबांचं हाड वाचलं असतं. ते माझ्या मनातून जात नाय.”

“अरे, मग काल का बोलला नाहीस? मी तुला भलतंसलतं बोलत होते. एवढं म्हणायचंस ना, की बाई, तुम्हीच सांगितलंत!”

आत पोळ्या लाटण्याचा आवाज थांबला होता.

“तुमाला आठवत नसंल, असं माझ्या मनातच आलं नाय,” तो म्हणाला. “मला वाटलं, बाईंना सगळं ठाऊक हाय. आणि बाईंनीच ठरवलंय, की माझ्यावर टाकायचं.”

“मी असं करेन, असं वाटलं तुला?”

“तुमचं नाव मोठं, बाई. माझं काय, मी तर चाललोच व्हतो.” त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. “म्हटलं, बाईंनी शिकवलं म्हणून तर इथवर आलो. एवढं घेऊ आपल्या डोक्यावर.”

त्याची बायको चहा घेऊन आली आणि कप बाईंच्या हातात दिला. बाईंना तो पिववेना, खाली ठेववेना, आणि त्या तशाच कप धरून बसून राहिल्या.